दोन्ही सुरक्षित

२ मार्च

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की मी आधी ओरडते, मग रडते, आणि तू दोन्हीला ‘हं’ म्हणतेस. म्हणून आईच्या पद्धतीने लिहितेय. आठवतं ना? आपण भांडलो की ती म्हणायची, ‘मला आत्ता वेळ नाही. दोघींनी तक्रारी लिहा आणि चहाच्या डब्याखाली ठेवा. कामावरून आले की वाचते.’ आणि तिचा नियम असा की तोंडाने हवं ते बोला, कागदावर खोटं लिहायचं नाही. तू मामाकडून आमच्याकडे कॉलेजला राहायला आलीस तेव्हा मी सातवीत होते, तरी तुझीच तक्रार दोन पानं असायची. तारीख, वार, मी किती वाजून किती मिनिटांनी तुझी शाई सांडली, सगळं. उगाच नाही ती तुला चिटणीसबाई म्हणायची.

तर ही माझी तक्रार.

परवा वकीलबाईंकडे गेले होते. त्यांनी आईची पूर्ण फाइल मागवून घेतलीय. मला वाटलं होतं, फाइल उघडतील आणि म्हणतील, ‘ही बघा चूक.’ तर त्या म्हणाल्या, ‘गर्भाशय काढताना मूत्रवाहिनीला धक्का लागू शकतो. मूत्रपिंडातून खाली येणारी ती नळी अगदी तिथूनच जाते. तुमच्या आईंनी सही केलेल्या संमतिपत्रात तसं छापलेलं आहे. इजा झाली एवढ्यावर दावा उभा राहत नाही. पोट बंद करण्याआधी डॉक्टरांनी नळ्या नीट पाहिल्या की नाही, यावर राहतो. आणि इथे लिहिलंय की पाहिल्या.’ मग त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. ‘दोन्ही मूत्रवाहिन्या शोधून पाहिल्या. दोन्ही सुरक्षित.’

मी म्हटलं, दोन्ही सुरक्षित होत्या तर सहा दिवसांनी पुन्हा पोट उघडलं तेव्हा डावी टाक्यात अडकून फाटलेली कशी निघाली? बाई म्हणाल्या, ‘तेच तर. पण कागद स्वच्छ आहे.’

ताई, त्या रुग्णालयातल्या सगळ्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तू टाइप करतेस. आईला तिथे न्यायला तू सांगितलंस म्हणून बोलत नाहीये. ते तू चांगल्या मनानेच सांगितलंस. फक्त एवढंच विचारते, की त्या दिवशीचं तुला काही माहीत आहे का?

आणखी एक. आईचा चष्मा अजून माझ्या दुकानात आहे. नोव्हेंबरात स्क्रू ढिला झाला म्हणून ठेवून गेली होती, ‘दवाखान्यातून आले की नेते’ म्हणून. दुरुस्तीच्या ट्रेमध्ये तिचं पाकीट मी रोज संध्याकाळी सगळ्यांत खाली सरकवते. सकाळी शटर उघडलं की ते वर असतं. माझी मदतनीस म्हणते, मांजर येत असेल. दुकानात मांजर यायला भोक नाही, आणि मांजराला चष्मा लागत नाही.

तुझी,
टिटवी


९ मार्च

प्रिय टिटवे,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तर दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

माझं काम तुला ठाऊक आहे. रेकॉर्ड रूमच्या शेजारच्या खोलीत मी बसते. खिडकी आहे, पण ती दुसऱ्या भिंतीकडे उघडते. डॉक्टर शस्त्रक्रिया झाली की छोट्या यंत्रात बोलतात, मी हेडफोन लावून ऐकते आणि पायाखालच्या पेडलने थांबवत थांबवत टाइप करते. शस्त्रक्रियागृहात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. कागदात जेवढं आहे तेवढंच मला माहीत आहे.

व्यवस्थापनाने सगळ्यांना लेखी कळवलंय, की या प्रकरणावर कुणी कुणाशी बोलायचं नाही. नातेवाईक म्हणून मला तर अधीक्षकांनी वेगळं बोलावून सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

आत्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांबद्दल एवढं सांगते, की ते निष्काळजी माणूस नाहीत. आत्याच्या शेवटच्या दिवशी अतिदक्षता विभागाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते दोन तास बसून होते. तू आत होतीस, तुला दिसलं नसेल. त्यांच्या पायांत शस्त्रक्रियेतले रबरी जोडे तसेच होते. उठताना त्यांनी भिंतीला हात टेकला.

याने काही बदलत नाही, हे मलाही कळतं. मी फक्त पाहिलेलं सांगतेय.

झोप ठीक आहे. फक्त हल्ली हेडफोन काढून ठेवला तरी कानात कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं. बोलायच्या आधी घेतात तसा. पुढे कुणी काही बोलत नाही.

चष्म्याचं पाकीट घरी घेऊन जा. दुकानात ठेवू नकोस.

तुझी,
ताई


२१ मार्च

प्रिय ताई,

घरी नेलं. आता ते चहाच्या डब्याखाली आहे. तिथून ते वर येत नाही, एवढं बरं.

तुझ्या पत्रात मोठ्या डॉक्टरांचे जोडे आहेत, तुझी खिडकी आहे, अधीक्षक आहेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. असू दे. तू लहानपणीही ज्या दिवशी चूक तुझी असायची त्या दिवशी सर्वांत सुंदर अक्षर काढायचीस.

आता ऐक. वकीलबाईंनी मला फाइलची झेरॉक्स दिली. मी आयुष्यभर चष्म्याच्या दांडीच्या आतले मुंगीएवढे आकडे वाचत आलेय. शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या पानाखाली, अगदी कडेला, कॉम्प्युटरने स्वतः छापलेली बारीक ओळ आहे. त्यात लिहिलंय, मजकूर तयार केल्याची तारीख ११ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

आईची शस्त्रक्रिया १२ला सकाळी झाली.

भिंग लावून पाहिलं. बारा नाही, अकराच आहे. वकीलबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘छपाईची चूक असेल, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे असेल, ते असंच म्हणतील.’ घड्याळ एक दिवस मागे असतं का गं?

विमा कंपनीचं पत्रही आलंय. डॉक्टरांचा विमा आहे ना, सगळं तेच बघतात. तडजोड करायला तयार आहेत. थोडी रक्कम देतील, चूक कबूल करणार नाहीत, आणि मी सही केली की याबद्दल कधी कुठे बोलायचं नाही. आईच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी आणि त्यानंतरच्या सहा दिवसांच्या अतिदक्षतेसाठी जे कर्ज काढलं ते त्यातून जेमतेम फिटेल. ३० एप्रिलपर्यंत सही करायची आहे. नंतर तीही रक्कम नाही.

मला सही करायची नाही. पण माझ्याकडे काही नसेल तर करावी लागेल. म्हणून पुन्हा विचारते. पान अकरा तारखेला कसं तयार झालं?

टिटवी


२ एप्रिल

प्रिय टिटवे,

घड्याळ मागे नाही. तारीख बरोबर आहे.

हे मी तुला मागच्या पत्रात सांगायला हवं होतं. तू विचारलं नव्हतंस, या सबबीमागे मी लपले. ती सबबही खोटी आहे, कारण तू विचारलं होतंस.

बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे नोंदी फार मागे पडायच्या. डॉक्टर रोज चार-पाच शस्त्रक्रिया करायचे आणि प्रत्येकीचं सगळं बोलायचे. त्वचा कशी कापली, कुठे बांधलं, काय पाहिलं, टाके कोणते. नव्वद टक्के मजकूर तोच. रुग्ण घरी जायचा आणि नोंद पंधरा दिवसांनी तयार व्हायची. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, ‘सर, नेहमीचा मजकूर मी आदल्या दिवशीच यादी बघून तयार ठेवते. तुम्ही फक्त फरक सांगा.’ ते खूश झाले. तेव्हापासून ते यंत्रात रुग्णाचा क्रमांक सांगतात आणि म्हणतात ‘फरक’, आणि मग जे वेगळं झालं ते. काही वेगळं नसेल तर म्हणतात ‘नेहमीसारखं’. पुढे सगळ्या डॉक्टरांनी तीच पद्धत घेतली. वार्षिक कार्यक्रमात अधीक्षकांनी माझं कौतुक केलं आणि एक पेन दिलं. आत्याला ते पेन दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘चिटणीसबाई, आता तुम्ही झालेलं सोडून होणारंही लिहायला लागलात.’ आम्ही दोघी हसलो होतो.

तर ते वाक्य माझं आहे. डॉक्टर आधी लांबलचक बोलायचे. मी ते छोटं केलं. ‘दोन्ही मूत्रवाहिन्या शोधून पाहिल्या. दोन्ही सुरक्षित.’ अकरा तारखेला, आत्या अजून घरी होती, कदाचित तुझ्या दुकानात चष्मा ठेवत होती, तेव्हा मी तिचं नाव टाकून ते तयार केलं. बारा तारखेला डॉक्टरांनी ‘नेहमीसारखं’ म्हटलं, आणि मी ते पान सहीला पाठवलं.

याचा अर्थ त्यांनी पाहिलंच नाही असा होत नाही. पाहिलंही असेल. मला माहीत नाही.

हे तुझ्या वकीलबाईंना दाखवायचं असेल तर दाखव.

ताई


९ एप्रिल

ताई,

दाखवलं. वकीलबाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, ‘पद्धत सदोष आहे हे सिद्ध होतं. या रुग्णाच्या वेळी काही झालं, हे होत नाही. डॉक्टर म्हणतील, मी रोज पाहतो, म्हणून तर रोज तेच वाक्य. ध्वनिमुद्रण मागवलं असतं, पण ते तीस दिवसांनी पुसतात.’ म्हणजे दार फटीएवढं उघडलं. आत जाण्याएवढं नाही.

पण मी वकीलबाईंसाठी लिहीत नाहीये.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी, १४ला, मी तुला वॉर्डातून फोन केला होता. आईच्या डाव्या कुशीत दुखत होतं. पोट फुगलं होतं. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने फाइल चाळली, म्हणाला गॅस आहे, आणि गोळी दिली. मी तुला म्हटलं, ताई, तू एकदा बघ ना, आत काही झालंय का. तू म्हणालीस, ‘थांब, पान काढते.’ मी थांबले. मग तू वाचून दाखवलंस. आवाज अगदी स्थिर होता तुझा. ‘दोन्ही मूत्रवाहिन्या शोधून पाहिल्या. दोन्ही सुरक्षित.’ आणि म्हणालीस, ‘काळजी करू नकोस. लिहिलंय.’

तू स्वतःचंच वाचलंस?

बारा वर्षं जे वाक्य तू आदल्या दिवशी टाइप करतेस ते मला पुरावा म्हणून वाचून दाखवलंस? तुला त्या क्षणी आठवलं नाही? की आठवलं?

सही मी शुक्रवारी, २५ला करणार आहे. मला आता कंटाळा आलाय. आपल्या माणसाला रोज थोडं थोडं फाइलमध्ये शोधायचं, हे मला झेपत नाही. काही सांगायचं असेल तरच लिही. अक्षर वाईट काढलंस तरी चालेल.

टिटवी


१८ एप्रिल

टिटवे,

या पाकिटात माझी वही आहे. गेल्या वर्षीची, पूर्ण. १२ नोव्हेंबरच्या पानावर दोरा ठेवलाय. त्या पानावरचं इथेही उतरवते, म्हणजे तुला शोधायला नको.

‘आत्याची शस्त्रक्रिया झाली. चौथा क्रमांक. सरांच्या ध्वनिमुद्रणात: “चार. फरक.” मग श्वास. मग “डावीकडे”. मग काही नाही. चार सेकंद. नळाचं पाणी. मग “नेहमीसारखं”. दोनदा मागे घेऊन ऐकलं. विचारावं का? उगाच वाटेल की घरचं माणूस म्हणून शंका घेते. सरांनी स्वतःच नेहमीसारखं म्हटलंय. पान पाठवलं.’

एवढंच आहे. मला सगळं लिहून ठेवायची खोड आहे, हे तुला माहीत आहे. लिहिलं की माझं कर्तव्य संपतं, असं मला आयुष्यभर वाटत आलं असावं.

आता तुझा प्रश्न. आठवलं होतं का? तुझा फोन आला तेव्हा मला ते चार सेकंद आठवले. पान काढायला मी उठले, कपाटापर्यंत गेले, तोवर ते आठवत होते. मग पान हातात आलं. छापलेलं, खाली सरांची सही, रुग्णालयाचा शिक्का. आणि ते वाक्य. मी ते असं वाचलं जणू दुसऱ्या कुणी, जाणत्या माणसाने, आत बघून लिहिलंय. मला इतकं हायसं वाटलं. ते वाक्य मीच लिहिलंय हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते ठाऊक असणं आणि हायसं वाटणं दोन्ही एकाच वेळी होतं. यापेक्षा खरं मला लिहिता येत नाही. तीन दिवस प्रयत्न करतेय.

तुझं पत्र आल्यावर मी सरांकडे, म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडे, गेले. दुपारची वेळ होती, ते डबा खात होते. मी म्हटलं, ‘सर, बारा नोव्हेंबर. चौथी रुग्ण. माझी आत्या. तुम्ही “डावीकडे” म्हणून थांबलात.’

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ‘तुम्हाला ते आठवतं?’

‘माझ्याकडे लिहिलेलं आहे.’

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘डावीकडे रक्त जास्त येत होतं. एक टाका खोल घ्यावा लागला. नळी त्यात आली की काय, अशी शंका आली. पुन्हा बघू म्हटलं, तेवढ्यात भूलतज्ज्ञ म्हणाले, रक्तदाब उतरतोय, आवरा. आवरलं. बाहेर येऊन हात धुताना यंत्र सुरू केलं. सांगणार होतो.’

‘मग?’

‘पाचवी टेबलावर होती. आणि शंका लिहायची म्हणजे तपासणी लावायची, पुन्हा भूल, नातेवाइकांना सांगायचं... मी म्हटलं, दोन दिवस बघू. दुखलं, ताप आला, तर कळेलच.’

‘दुखत होतं, सर.’

‘मला कुणी कळवलं नाही. ड्यूटीवरचा मुलगा म्हणाला, नोंद व्यवस्थित होती. आणि खरं सांगू का बाई? दुसऱ्या दिवशी सहीसाठी पान माझ्यासमोर आलं. “दोन्ही सुरक्षित.” वाचून मलाही बरं वाटलं.’

मी उठले. दारापाशी असताना ते म्हणाले, ‘त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.’

मला वाटतं ते खरं बोलत होते. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

टिटवे, एका वाक्यावर चार माणसं विसंबली. ड्यूटीवरचा मुलगा, सर, तू आणि मी. आणि ते लिहिलं गेलं तेव्हा कुणी काही पाहिलेलंच नव्हतं.

वही तुझी आहे. मी साक्ष देईन. तुझ्या वकीलबाई म्हणतील की मलाही या दाव्यात ओढावं लागेल, पद्धत माझी म्हणून, आणि फोनवर मी दिलासा दिला म्हणून. ओढू देत. सही करायचीच असेल तर तीही कर, मी एका शब्दाने अडवणार नाही. पण आता तुझ्याकडे काही नाही म्हणून करू नकोस.

वहीत इतर पानंही आहेत. वाचलीस तरी चालेल.

ताई


२७ एप्रिल

ताई,

सही केली नाही. शुक्रवारी वकीलबाईंच्या ऑफिसात कागद समोर होता, पेन हातात होतं, आणि पिशवीत तुझी वही. ती काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचलं, आणि विमा कंपनीचा कागद शांतपणे उलटा करून ठेवला. म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीची नोकरी जाईल.’ मी म्हटलं, तिला माहीत आहे. ‘तिला फार कठोर प्रश्न विचारतील. त्या दिवशी गप्प का बसलात, हा पहिला. आणि तो आपल्यालाही टाळता येणार नाही.’ मी म्हटलं, तेही तिला माहीत आहे. तिने तो तारीख घालून लिहून ठेवलाय.

आता मी तुला न सांगितलेलं सांगते. डब्याखालचा कागद आहे हा, म्हणून. हे मी तुझ्यापासून लपवलं ते रागाने नाही. मला वाटलं होतं, हे तुला कधीच कळू नये.

१४ तारखेचा तो फोन मी स्पीकरवर ठेवला होता. माझे हात गुंतले होते, आईची पाठ पुसत होते. तू वाचलंस ते तिने ऐकलं. तुझा आवाज आला तेव्हा तिने डोळे उघडले. तू ‘लिहिलंय’ म्हणालीस आणि फोन बंद झाला. ती म्हणाली, ‘चिटणीसबाईंनी बघितलंय ना? मग झालं. त्या चुकायच्या नाहीत.’

त्यानंतर ती दुखतंय म्हणाली नाही. एकदाही नाही. तीन दिवस. उशीचा कोपरा मुठीत धरायची, आणि मी विचारलं की म्हणायची, ‘गॅसच आहे.’ मीसुद्धा तिला म्हटलं, आई, आता बास कर, सगळं ठीक आहे, ताईने बघितलंय. तिला गप्प मी केलं. तू दिलेल्या वाक्याने केलं, पण मी केलं. सहाव्या दिवशी ताप डोक्यात गेला तेव्हा तिने पहिल्यांदा हाक मारली, आणि ती तुला मारली. मला नाही. ‘तिला म्हणावं, पुन्हा एकदा बघ.’

मी तुला फोन केला नाही. तोवर तिला आत नेलं होतं.

हे वाचून तुला काय होईल ते मला कळतंय. मी दोन दिवस हे पत्र पाकिटात घालून काढतेय. पण तू मला वही दिलीस. मी याहून कमी कसं देऊ?

आणखी एक, छोटं. चष्मा दुरुस्त झाला की पाकिटावर ‘तपासले’ असा शिक्का मारायचा, अशी माझ्या दुकानाची रीत आहे. सकाळी गिऱ्हाईक नसतं म्हणून मी शंभरेक रिकाम्या पाकिटांवर शिक्के मारून ठेवते. कित्येक वर्षं. तुझी वही वाचल्यावर आईचं पाकीट डब्याखालून काढून पाहिलं. शिक्का होता. स्क्रू अजून ढिलाच होता.

तो घट्ट केला. बाकीची पाकिटं फाडली. मदतनीस म्हणाली, ‘ताई, वेड लागलं का?’ मी म्हटलं, अजून नाही.

टिटवी


१२ सप्टेंबर

प्रिय टिटवे,

तू साक्षीदार म्हणून आज तुला बाहेरच बसवलं, आणि माझं झालं तेव्हा तुला आत बोलावलं. दारात आपण एकमेकींजवळून गेलो. तू माझ्या कोपराला हात लावलास. आत काय झालं ते तुला वकीलबाई सांगतीलच, पण त्या मुद्द्याचं सांगतील. मला ते सगळं तुला द्यायचं आहे.

ग्राहक आयोगाची खोली साधी होती. तीन सदस्य, पंखा, पाण्याचा जग. समोर विमा कंपनीचे वकील, तरुण, अतिशय नम्र. मोठे डॉक्टर त्यांच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली. नोकरी गेल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते वाळलेत.

वकिलांनी मला विचारलं, मी किती वर्षं टाइप करते. एकोणीस. माझ्याकडे वैद्यकीय शिक्षण आहे का. नाही. मृत बाई माझ्या कोण. आत्या, मी कॉलेजची पाच वर्षं त्यांच्याकडे राहिले. म्हणजे मला दुःख झालं असेल. हो. दुःखात माणूस आठवणी घडवतो, हे मला मान्य आहे का. मी म्हटलं, मान्य आहे. म्हणूनच मी त्याच दिवशी लिहिते.

ते किंचित हसले. मग विचारलं, ‘तुम्ही ते ऐकलंत, तरी गप्प राहिलात. दोन दिवसांनी बहिणीला दिलासाही दिलात. मग आज आम्ही तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?’

मला वाटलं होतं, या प्रश्नाला मी कोसळेन. तुझं एप्रिलचं पत्र आल्यापासून मी रोज हा प्रश्न ऐकतेय, आणि विचारणारा आवाज त्या वकिलांचा नसतो. मी म्हटलं, ‘ठेवू नका. माझ्यावर एकदा ठेवला गेलाय. वही बघा.’

मग त्यांनी आत्याच्या नोंदीचं पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘तुम्हीच तयार केलेला हा मजकूर आहे. अधोरेखित वाक्य मोठ्याने वाचा.’

टिटवे, खोलीत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. मी वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणाचेच ओठ उघडे नव्हते. पंखा असेल. मी आता असं म्हणायला शिकलेय.

मी वाचलं. ‘दोन्ही मूत्रवाहिन्या शोधून पाहिल्या. दोन्ही सुरक्षित.’ आवाज स्थिर होता माझा, तेवढाच. ते मला आवडलं नाही, पण बदलता आलं नाही.

वकील म्हणाले, ‘आभारी आहे. बसा.’

मी बसले नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मधल्या सदस्यबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काही सांगायचं आहे का?’

मी म्हटलं, ‘हो. क्रमांक चार. फरक. डावीकडे.’

आणि मग मी थांबले. मुद्दाम नाही. तोंडात शब्दच नव्हता. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. त्या खोलीत ते फार लांब झालं. मोठ्या डॉक्टरांनी डोळे मिटले होते. पाणी मात्र वाजलं नाही.

मग मी म्हटलं, ‘डावी पाहिली नाही.’

लेखनिकाने ते टाइप केल्याचा आवाज आला. मी तो नीट ऐकला. एक शब्दही आधी तयार नव्हता.

तुझी,
ताई